सत्त्याऐंशी नंबरची उत्तरं

मी डूख धरणारी मुलगी आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत एकीने माझी पेन्सिल मुद्दाम मोडली, तर मी तिच्याशी दोन वर्षं बोलले नाही. आणि दोन वर्षांनी बोलले, तेही तिची पट्टी मोडल्यावर. आई म्हणते, हा गुण वडिलांकडून आला. वडील मी चार वर्षांची असताना गेले, त्यामुळे ते नाही म्हणायला हजर नाहीत.

तर मेडिकल कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात शरीरक्रियाशास्त्राच्या विभागप्रमुखांनी आम्हा दीडशे जणांना हॉलमध्ये बसवलं आणि चाळीस प्रश्नांचा एक फॉर्म हातात दिला. आईवडील किती शिकलेत, काय करतात, प्रवेश परीक्षा कितव्यांदा दिली, झोपता किती, अभ्यास किती तास करता, घरची आठवण येते का, डॉक्टर का व्हायचंय.

"अगदी खरं लिहा," सर म्हणाले. "ही परीक्षा नाही. पहिल्या वर्षात कोण टिकणार आणि कोण गळणार हे आधी ओळखता येतं का, एवढंच मला बघायचंय."

सहा वर्षं त्यांचा हाच उद्योग चालला होता. सीनियर मुलं त्यांना 'वेधशाळा' म्हणायची.

मी खरं लिहिलं. अशा बाबतीत मी बावळटच आहे. वडील: नाहीत. आईचं शिक्षण: चौथीपर्यंत. प्रवेश: तिसऱ्या प्रयत्नात. झोप: चार तास. आईच्या व्यवसायाखाली सहा पर्याय छापले होते. त्यात तिचं काम नव्हतं, म्हणून मी 'इतर'वर खूण केली आणि शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं, 'रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत'. मला त्याची लाज नव्हती आणि नाही. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात भिजवायचा, गरम पाण्यात घातला की तो जन्माचा बसतो, हे मी मुळाक्षरांच्या आधी शिकले.

हॉस्टेलमध्ये मुलींच्या खोल्या रोल नंबरच्या क्रमाने दिल्या होत्या, त्यामुळे माझ्या आधीचा नंबर माझ्याच खोलीत आला. ती खारूताई. हे नाव मीच ठेवलं. उशीखाली शेंगदाणे, कपाटात शेंगदाणे, आणि हातातल्या प्रत्येक पेन्सिलीचं टोक कुरतडलेलं. तिने बदला म्हणून माझं नाव 'गांधीलमाशी' ठेवलं. तिचे वडील शाळामास्तर, आई परिचारिका, आणि प्रवेशाच्या यादीत ती पहिल्या दहात होती. दंडाच्या नसांचं जाळं मला काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं; तिने ते खिडकीच्या गजांना रंगीत लोकर बांधून अर्ध्या तासात शिकवलं.

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा उशिरा प्रवेश घेऊन आला. आडनावाच्या क्रमाने तो एक्केचाळिसावा बसला आणि त्याच्यामागच्या आम्हा सगळ्यांचे नंबर एकेकाने पुढे गेले. खारूताई सत्त्याऐंशी झाली, मी अठ्ठ्याऐंशी.

तिसऱ्या आठवड्यात फलकावर गुलाबी कागद लागला. वर लिहिलं होतं, 'विशेष लक्ष गट'. खाली तेवीस नंबर. अर्ध्या तासात सगळं कॉलेज त्याला लाल यादी म्हणायला लागलं. त्यात सत्त्याऐंशी होता आणि अठ्ठ्याऐंशीही होता.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की फलकाची काच फोडावी. माझी आई चादरी धुते म्हणून मी नापास होणार, असं या माणसाने छापून चार लोकांत लावलं होतं. मी त्याच क्षणी मनात खूणगाठ बांधली, की याला एक दिवस असाच चार लोकांत उभा करायचा.

खारूताईला राग आलाच नाही. तिला कोडं पडलं.

"मी असं काय लिहिलं गं?" ती विचारत राहिली. "मार्क बरे आहेत, पहिल्याच प्रयत्नात आले, घरी सगळं ठीक..."

चार दिवस ती चाळीसच्या चाळीस उत्तरं आठवत होती. शेवटी तिने ठरवून टाकलं, की 'घरची आठवण येते का' याला आपण 'हो' लिहिलं, तिथेच सरांनी आपल्याला ओळखलं.

लाल यादीवाल्यांनी पुढच्या दोन रांगांत बसायचं. सकाळी सातला वेगळा तास, वेगळ्या वहीत वेगळी सही. प्रश्न आधी आम्हालाच. सर ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर मी कदाचित त्यांना माफही केलं असतं. ते कळवळून बोलायचे. खारूताई उभी राहिली, ओठ हलले आणि आवाज फुटला नाही, की म्हणायचे, "बस बाळ, बस. घाबरू नकोस. तुझ्याकडून उत्तराची अपेक्षा नव्हतीच."

खोलीत हीच मुलगी हृदयाचा एक ठोका सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळे मिटून सांगायची. हॉलमध्ये तिची वाचाच बसायची. पहिल्या सत्रात ती एका विषयात गेली. मग जेवण कमी झालं, मग शेंगदाणे संपले आणि तिने पुन्हा आणले नाहीत. दर आठवड्याला ती मला म्हणायची, "सरांना आधीच दिसलं होतं ना."

"त्या माणसाला स्वतःच्या नाकापुढचं दिसत नाही," मी म्हणायचे. पण माझं ऐकतंय कोण? मी तर यादीतलीच.

मी मात्र रागावर अभ्यास केला. लोक देवाचं नाव घेऊन पुस्तक उघडतात, मी त्या गुलाबी कागदाचं घ्यायचे. वार्षिक परीक्षेत मी पहिली आले. खारूताई दोन विषयांत नापास झाली.

तरी सगळं संपलं नव्हतं. पुढच्या महिन्यात पुरवणी परीक्षा होती. तिच्या फॉर्मवर विभागप्रमुखांची सही लागायची आणि फॉर्म वीस तारखेच्या आत कार्यालयात द्यायचा. नाही दिला तर जागा गेली, पुन्हा प्रवेश परीक्षेपासून श्रीगणेशा. सहीसाठी तिचे वडील स्वतः आले. मास्तर माणूस, इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, आत जाताना चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. सरांनी त्यांना बसवलं, स्वतःच्या हाताने पाणी दिलं. दार अर्धवट उघडं होतं. आम्ही दोघी बाहेर उभ्या होतो आणि शब्दन् शब्द ऐकत होतो.

"मास्तर, तुम्ही शिक्षक, मी शिक्षक. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. हिची लक्षणं मला तिसऱ्या आठवड्यातच दिसली होती. सही करायला काय, आत्ता करीन, पण पोरीचे आणखी हाल होतील. तिला घरी न्या."

मास्तरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल."

सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी खारूताई पेटी घेऊन गेली. खिडकीच्या गजांना लोकर तशीच राहिली होती. मी ती सोडायला बसले, ती सुटेना, तेव्हा कात्रीने कापली आणि कापताना त्या माणसाला सुचतील तेवढ्या शिव्या घातल्या.

त्याच आठवड्यात माझा सत्कार झाला. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, "ही मुलगी माझ्या यादीतली. वेळेवर सावध केलं, की काय होतं बघा!" टाळ्या पडल्या. मी फुलांचा गुच्छ धरून उभी होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. मी नापास झाले असते, तर याचं भाकीत खरं. पास झाले, तर याचं औषध लागू पडलं. म्हणजे मी जिवाचं रान केलं ते कोणासाठी? याच्यासाठी!

खाली उतरल्यावर ते मला म्हणाले, "अठ्ठावीस तारखेला अकरा कॉलेजांची माणसं येतायत. ही पद्धत त्यांना त्यांच्याकडे सुरू करायचीय. तू म्हणजे माझा जिताजागता पुरावा. आकडे एकदा तपासून दे, स्लाइडही तूच बनव. तुझंही नाव घालतो."

मी लगेच हो म्हटलं. मनात काय होतं ते चेहऱ्यावर येऊ न देण्याइतकी मी तोवर तयार झाले होते.

नऊ तारखेला दुपारी त्यांनी मला विभागाच्या मागच्या खोलीची किल्ली दिली. जुनी यंत्रं, त्यांच्यावर घातलेल्या पिवळट चादरी, लोखंडी कपाट, कपाटात आमचे कागदी फॉर्म आणि कोपऱ्यात संगणक. मी तक्ता उघडला आणि आधी स्वतःची ओळ शोधली. दुसरं कोणी काय केलं असतं?

अठ्ठ्याऐंशी. माझं नाव. वडील: शल्यविशारद. आई: दंतवैद्य. झोप: अकरा तास. अभ्यास: शून्य. डॉक्टर का व्हायचंय: 'बाबांना विचारा.'

आधी मला वाटलं कोणीतरी माझी चेष्टा केलीय. मग ओळखलं. ही उत्तरं एकोणनव्वद नंबरच्या डुलकीरावांची. हा मुलगा मागच्या बाकावर वर्षभर झोपला होता आणि लाल यादीत नव्हता. मी एक ओळ वर गेले. सत्त्याऐंशी, खारूताईचं नाव. वडील: नाहीत. आई: इतर, रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत. प्रवेश: तिसऱ्या प्रयत्नात. झोप: चार तास.

मी कपाटातून कागद काढले आणि एकेक ओळ पडताळली. चाळीसपर्यंत सगळं बरोबर होतं. एक्केचाळीसपासून घोळ. उशिरा आलेल्या त्या मुलाचं नाव घालताना फक्त नावांचा रकाना एक घर खाली ढकलला होता. उत्तरं होती तिथेच राहिली. म्हणजे एक्केचाळीसपासून पुढच्या प्रत्येकाच्या नावासमोर त्याच्यानंतरच्या मुलाची उत्तरं. जो मुलगा फॉर्म भरून झाल्यावर नऊ दिवसांनी कॉलेजात आला, त्याच्यासमोर चाळीसही उत्तरं भरलेली. आणि अगदी शेवटच्या मुलासमोर काहीच नाही. तिथे सरांनी स्वतः शेरा मारला होता, 'फॉर्म भरला नाही, बेजबाबदार', आणि त्यालाही यादीत घातलं होतं. तो बिचारा वर्षभर सांगत होता, की सर, मी भरला होता.

तेवीसपैकी एकोणीस नंबर एक्केचाळीसच्या पुढचे होते. एकोणीसच्या एकोणीस चुकीच्या कारणाने आलेली. त्यातली चौदा खरोखर नापास झाली. पहिल्या दोन रांगांत बसवून, रोज कळवळून, या माणसाने त्यांना नापास केलं होतं. मी सोडले तर, ज्यांची नावं खरं तर यायला हवी होती, त्यांना कोणी काही बोललंच नाही, आणि त्यातले बहुतेक आरामात पास झाले होते.

माझ्या नशिबातली शिक्षा माझ्या उत्तरांसकट खारूताईच्या नावावर चढली होती. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण ते दोन मिनिटं. मग आतून जी उकळी फुटली ती आनंदाची होती. सापडला! वर्षभर मी ज्याची वाट बघत होते, ते या माणसाने स्वतःच्या हाताने करून, किल्लीसकट माझ्या हातात दिलं होतं.

मी तक्त्याची प्रत छापून घेतली. प्राचार्यांची खोली त्याच मजल्यावर होती, चाळीस पावलांवर. मी निघालेही. वाटेत भिंतीवर अठ्ठावीस तारखेचं पत्रक लावलेलं होतं, सरांचा फोटो, अकरा कॉलेजांची नावं. मी तिथे थांबले.

आत्ता सांगितलं, तर काय होईल? प्राचार्य सरांना बोलावतील. सर म्हणतील, अरेरे, टंकलेखनाची चूक. दार लावून चहा होईल, तक्ता नीट केला जाईल आणि अठ्ठावीसला हाच माणूस नव्या तक्त्यासमोर उभा राहून टाळ्या घेईल. त्याचा पडलेला चेहरा एका प्राचार्यांशिवाय कोणालाच दिसणार नाही. आणि मला तो चेहरा बघायचा होता. भरल्या हॉलमध्ये, पुढच्या दोन रांगांत बसून.

अठ्ठावीसच्या आधी वीस येते, हे मला कळत नव्हतं असं नाही. मला चांगलं कळत होतं. पण मी स्वतःची समजूत घातली, की एवढा बभ्रा झाल्यावर कॉलेज खारूताईला हात जोडून परत बोलावेल. तारखा काय, माणसांनीच ठरवलेल्या. मी प्रत घडी घालून बॅगेत टाकली आणि मागच्या खोलीत परत गेले. आईला त्या रात्री फोन केला तेव्हा यातलं काही सांगितलं नाही. ती पहिला प्रश्न कोणता विचारेल, ते मला माहीत होतं आणि तो मला ऐकायचा नव्हता.

चौदा तारखेला खारूताईचाच फोन आला.

"गांधील, एक विचारू? सरांना तू एकदा सांगून बघशील का, सहीचं? तुझं ऐकतात म्हणे ते आता. बाबा म्हणतात सोडून दे. पण मी इथे रोज वाचतेय. म्हणून दाखवते बाबांना, सगळं येतं."

माझ्या जिभेवर आलं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर ती लगेच मास्तरांना सांगणार, मास्तर सरांना पत्र लिहिणार, आणि माझा सगळा डाव फसणार.

"थोडी कळ काढ," मी म्हटलं. "तुला मी वाजतगाजत परत आणते की नाही बघ."

"म्हणजे?"

"म्हणजे कळेल. वाचत राहा."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मला फार छान वाटलं.

वीस तारीख आली आणि गेली. त्या दिवशी मी स्लाइडसाठी रंग निवडत होते.

"उदाहरण म्हणून कुणाची ओळ दाखवू या?" सरांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "सत्त्याऐंशीची दाखवा सर. एकदम बोलकी आहे. आणि त्याखाली माझी." त्यांना कल्पना इतकी आवडली की माझ्या पाठीवर थाप मारली.

अठ्ठावीसला हॉल खचाखच भरला होता. पुढे पाहुणे, त्यांच्यात पांढऱ्या केसांच्या एक मोठ्या डॉक्टरबाई, शेजारी प्राचार्य. आमचा वर्ग मागे. मी मात्र दुसऱ्या रांगेत, माझ्या नेहमीच्या जागेवर, मांडीवर बॅग घेऊन बसले. सर छान बोलत होते. गळ्यात नवा टाय होता. मग पडद्यावर माझी स्लाइड आली.

"नाव सांगत नाही," सर म्हणाले, "पण विद्यार्थिनी क्रमांक सत्त्याऐंशी बघा. वडील नाहीत. आई लॉन्ड्रीत. तिसऱ्या प्रयत्नात प्रवेश. झोप चार तास. तिसऱ्या आठवड्यात आम्ही म्हटलं, ही टिकणार नाही. आणि निकाल? दोन विषयांत नापास."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले.

"सर, एक शंका आहे. सत्त्याऐंशीला वडील नाहीत?"

"असं तिनेच लिहिलंय," सर हसून म्हणाले.

"मग तीन आठवड्यांपूर्वी चपला बाहेर काढून तुमच्या खोलीत कोण आलं होतं, सर? तुम्ही त्यांना मास्तर म्हणालात. स्वतःच्या हाताने पाणी दिलंत."

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली. सरांचं हसू होतं तिथेच राहिलं, फक्त डोळे पडद्याकडे गेले.

"लॉन्ड्रीत माझी आई आहे, सर. चार तास मी झोपते. तिसऱ्या प्रयत्नात मी आलेय. आणि खालच्या ओळीत माझी म्हणून जी उत्तरं दाखवलीत, ती अकरा तास झोपणाऱ्याची आहेत. तो मागे बसलाय, जागा असेल तर हात वर करेल."

डुलकीरावांनी हात वर केला. मागचा सगळा वर्ग हसला. मी कपाटातून आणलेले कागदी फॉर्म बॅगेतून काढून डॉक्टरबाईंच्या हातात दिले आणि म्हटलं, "एक्केचाळीस नंबरचीही चाळीस उत्तरं आहेत, मॅडम. तो मुलगा फॉर्मनंतर नऊ दिवसांनी आला."

बाईंनी चष्मा लावला. फॉर्म बघितला, पडदा बघितला, पुन्हा फॉर्म बघितला. "नावांचा रकाना सरकवलात?" त्यांनी सरांना विचारलं. "फक्त नावांचा?"

सरांनी तोंड उघडलं. ओठ हलले आणि आवाज फुटला नाही. अगदी तसंच, जसं खारूताईचं व्हायचं. मी उभीच होते. मला बसवत नव्हतं, मला एक क्षणही सोडायचा नव्हता. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाच हातांवरून पाहिलं. शेवटी मी म्हटलं, "बसा सर. घाबरू नका. तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा नव्हतीच."

इतकं गोड मी आयुष्यात काही चाखलं नव्हतं.

पाहुणे जेवायलाही थांबले नाहीत. गुलाबी यादी कायमची बंद झाली. सरांकडून विभाग काढून घेतला आणि ते रजेवर गेले. वर्गाने मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मला आकाश ठेंगणं झालं होतं. त्याच तोऱ्यात दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि खारूताईच्या फॉर्मचं विचारलं.

"फॉर्म वीस तारखेला बंद झाले, बाळा," ते म्हणाले. "रिकाम्या जागांची यादीही वर गेली. तिची जागा दुसऱ्याला मिळाली सुद्धा. आता माझ्या हातात काही नाही."

"पण चूक कॉलेजची होती, सर!"

"होती ना. म्हणूनच वाईट वाटतं. वीसच्या आत माझ्यापुढे हे आलं असतं, तर माझ्या एका सहीचं काम होतं."

चाळीस पावलांवरून मी परत आले. तरीसुद्धा माझी अक्कल ठिकाणावर आली नव्हती. चूक त्या माणसाची, आणि त्याची मी पुरती जिरवली, हेच डोक्यात. खारूताईला जागा नाही तर नाही, निदान हा सूड तरी तिच्या पदरात घालावा, म्हणून रविवारी मी तिच्या गावी गेले.

ती आत्याच्या चष्म्याच्या दुकानात बसायला लागली होती. काउंटरवर काचेखाली चौकटी मांडलेल्या. ती एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या दोन डोळ्यांतलं अंतर पट्टीने मोजत होती. मला बघून तिने हाताने थांब म्हणून खूण केली, आकडा लिहून घेतला, मग बाहेर येऊन मला घट्ट मिठी मारली. हाडं लागली मला.

मी सगळं सांगितलं. रंगवून, नकला करून सांगितलं. सरकलेला रकाना सांगितला. तिच्या नावासमोर माझी आई होती हे सांगितलं. सरांचे हलणारे ओठ करून दाखवले. 'स्वतःच्या हाताने पाणी दिलंत' याला ती हसली. 'बसा सर'ला तिने तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे माझी उत्तरं चांगली होती," ती म्हणाली.

"चांगली? तू यादीच्या आसपासही नव्हतीस!"

 ती हातातल्या फडक्याने एक भिंग पुसत होती. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"तुला कधी कळलं हे?"

बावीस म्हणावं, पंचवीस म्हणावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. तिच्यासमोर ते जमलं नाही.

"नऊ तारखेला."

"मी फोन केला होता तो चौदाला."

"हो."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"अगं, मला त्याला सगळ्यांसमोर... तेव्हा बोलले असते तर तो सुटला असता. त्याने तुझं वाटोळं केलं, खारूताई! मी त्याला सोडणार होते का?"

तिने भिंग पेटीत ठेवलं, पेटीचं झाकण लावलं. ती रागावली असती तर मला चाललं असतं. रागाशी कसं वागायचं ते मला येतं.

"सरांना माहीत नव्हतं गं," ती म्हणाली. "तुला माहीत होतं."